जुन्या माउसचा सेन्सर आणि घसरणारी चाके

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. माझा दोन चाकांचा लहान रोबोट चाकांच्या फेऱ्या मोजून अंतर काढतो. परंतु गुळगुळीत फरशीवर चाके घसरतात आणि हिशेब चुकतो. जुन्या ऑप्टिकल माउसमधील सेन्सर पोटाखाली बसवल्यास उपयोग होईल का? एक पुरेल की दोन लागतील?

उत्तर : उपयोग होईल, कारण हा सेन्सर चाकांवर विसंबत नाही, थेट जमीन पाहतो. तिरप्या प्रकाशात उठून दिसणारे पृष्ठभागाचे बारीक उंचसखलपण तो टिपतो आणि लागोपाठच्या चित्रांची तुलना करून उभी व आडवी सरक सांगतो. ‘एडीएनएस-२६१०’ या माउसमधील जुन्या सेन्सर-चिपचे चित्र अवघे १८ गुणिले १८ बिंदूंचे असले, तरी ती सेकंदाला १५०० चित्रे टिपते आणि इंचाला ४०० मोजण्या देते. म्हणजे एक मोजणी सुमारे ०.०६ मिलिमीटरची.

खरी अडचण उंचीची आहे. माउसची लेन्स पृष्ठभागापासून जेमतेम अडीच मिलिमीटरवर असते, त्यामुळे फरशीच्या सांध्यावर रोबोट थोडा उचलला गेला तरी चित्र धूसर होते. म्हणून सेन्सर सांगाड्याला स्क्रूने जखडू नये. माउसच्या मूळ तळासकट हलक्या स्प्रिंगवर बसवावा, म्हणजे तो जमिनीला टेकून सरकेल. पारदर्शक काचेवर मात्र तो फसतोच.

सेन्सर दोन्ही चाकांच्या बरोबर मध्यावर बसवू नये, कारण रोबोट जागच्या जागी गरकन फिरला तरी तेथे सरक जवळजवळ शून्य असते. मध्यापासून १० सेंटीमीटर पुढे बसवल्यास एका अंशाच्या वळणाला तो १.७५ मिलिमीटर आडवा सरकतो आणि सुमारे २७ मोजण्या मिळतात. चाके आडवी घसरत नाहीत असे गृहीत धरता आले, तर एक सेन्सर पुरतो. तुमच्या फरशीवर तसे धरवत नाही, तेव्हा दोन घ्यावेत. (भंगारात माउसची वानवा नाही.)

चिपमधील मोजण्यांचा आकडा १२७ च्या पुढे जात नाही, म्हणजे आठ मिलिमीटरमध्येच तो भरतो. वाचला की तो पुन्हा शून्यापासून मोजू लागतो, म्हणून दर १० मिलिसेकंदांनी वाचत राहावे. प्रत्येक पृष्ठभागावर रोबोट एक मीटर ढकलून मोजण्या ताडून पाहाव्यात. तरीही दिशेतील चूक साचतेच : दोन अंशांची चूक तीन मीटरनंतर साडेदहा सेंटीमीटरची होते. त्यासाठी जमिनीवर ठरावीक जागी काळी चिकटपट्टी लावून तळाशी ‘टीसीआरटी-५०००’ हा स्वस्त इन्फ्रारेड सेन्सर बसवावा, आणि पट्टी ओलांडताच तिला काटकोनात असलेल्या दिशेतील स्थान नव्याने धरावे.