कथेतल्या बाईने देव्हाऱ्याला कुलूप लावलं

"मॅडम, आई बहकली तर नाही ना?" मनातलं दुःख लिहून काढायला मी लोकांना मदत करते, त्यासाठी इंदूरला माझ्याकडे आलेल्या एका मुलीचं हे पहिलंच वाक्य. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, दोघींना विचारून लिहितेय.) आईला आपण सुनंदाताई म्हणू, वय 54, राहणार रामबागेकडे. 2021 च्या एप्रिलमधे कोरोनात नवरा गेला. हॉस्पिटलमधे आत जाऊ देत नव्हते, म्हणून त्या घरी बसून करुणात्रिपदी, म्हणजे दत्त महाराजांची करुणा भाकणारी तीन पदं, म्हणायच्या. टेंबे स्वामींची त्रिपदी इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत इथले दत्तभक्त संत नाना महाराज तराणेकर यांच्यामुळे रोजची झालेली आहे, यांच्याकडेही सासूबाईंपासून चालत आलेली. अकरा दिवस म्हटली आणि बाराव्या दिवशी फोन आला.

त्यानंतर पूजा, सोवळं, गुरुवार, काहीच सुटलं नाही. मुलीला वाटलं आई सावरली. मग एका रात्री तिने आईच्या फोनमधे आईनेच लिहिलेली एक कथा वाचली, त्यात वैदेही नावाची बाई देव्हाऱ्याला कुलूप लावते आणि चावी कृष्णपुरा छत्रीमागे खान नदीत फेकते. मुलगी घाबरली. पण सुनंदाताई तिच्याहून जास्त घाबरलेल्या होत्या, मला हळूच म्हणाल्या, "कुलूप लावणारे हात माझेच ना हो? पाप लागेल का?"

ही भीती मी खूप जणांकडून ऐकलीय, खास करून श्रद्धाळू घरातल्या बायकांकडून, की कथेत पात्र देवाला नाही म्हणालं म्हणजे आपणच म्हणालो. मला तसं वाटत नाही. आपल्याकडे जनाबाई विठोबाला तोंडावर शिव्या घालते आणि तरी संतांच्या पंगतीत बसते. देवाशी भांडायला देव समोर असावा लागतो.

सुरुवातीला मी त्यांना नवऱ्याला पत्र लिहा म्हणाले होते, आणि ते चुकलंच माझं. त्यांनी लिहिलं, "इकडे सर्व ठीक आहे, काळजी करू नका." तीस वर्षं जे बोलायची सवय तेच पत्रात उतरलं. 'मी' म्हणून लिहायला बसलं की आपण शहाण्यासारखं वागतो, वैदेहीला मात्र कोणाचीच भीड नव्हती. म्हणून मग पत्र सोडलं, कथाच धरली. कथेत ती खरं बोलत होती.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकरचा 1986 चा अभ्यास बऱ्याच जणांना माहीत असतो, विद्यार्थ्यांनी 4 दिवस रोज 15 मिनिटं मनातलं दुःख लिहिलं आणि ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या त्यांच्या पुढच्या काही महिन्यांत डॉक्टरकडच्या फेऱ्या कमी झाल्या. 1996 मधे दुसऱ्या काही संशोधकांनी लोकांना स्वतःवर न ओढवलेलं, कल्पनेतलं संकट लिहायला सांगितलं, तर त्यांच्याही फेऱ्या कमी झाल्या. मात्र लिहून उठल्यावर लगेच मन जड होतं, रडू येतं, हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर माणूस दुसऱ्या दिवशी वही बंद करतो.

मी सुनंदाताईंना का लिहिलं असं विचारलं नाही, एवढंच विचारलं की कुलूप लावल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वैदेही काय करते? त्यांना सांगता येईना. पुढच्या वेळी लिहून आणलं, वैदेही सवयीने पाचला उठते, जास्वंदी तोडते, आणि परडी घेऊन नुसती उभी राहते कारण ठेवायला जागाच नाही. हे वाचताना त्या थांबल्या. मीही थांबले.

मग हॉस्पिटलचा प्रसंग आला. वैदेहीला आत जाता येत नाही, पण कथेला त्या खोलीत कोणीतरी हवं होतं, म्हणून त्यांनी एक वॉर्डबॉय घातला जो पेशंटच्या उशाशी बसतो. लिहिता लिहिता आठवलं की असा एक मुलगा खरंच होता, त्याने नवव्या दिवशी स्वतःच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून दिला होता, पीपीई किटमधे, चेहरा दिसला नाही, नाव विचारायचं राहिलं. दोन वर्षं हे त्यांच्या हिशोबातच नव्हतं. त्या म्हणाल्या, "मी रोज विचारत होते महाराज तुम्ही कुठे होतात, आणि हा पोरगा तिथे बसलेला." याचा अर्थ मी लावला नाही, तो माझा लावायचा नव्हताच.

(झोप-जेवण सुटलं असेल किंवा जगू नये असं वाटत असेल तर नुसत्या वहीच्या भरवशावर राहू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, सरकारी टेली मानस हेल्पलाइनचा 14416 नंबर रात्रीही चालतो.)

मुलीला मी एकच सांगितलं, आईची कथा चोरून नको वाचूस, तिला वाचून दाखवायला सांग. घरची पूजा चालू आहे, त्रिपदी मात्र सध्या म्हणत नाहीत, त्या वेळेला नुसत्या बसतात. कथेत देव्हारा अजून बंदच आहे, पण चावी आता नदीत नाही, वैदेहीच्या मिसळणाच्या डब्यात आहे. परवा मेसेज आला, "ताई, वॉर्डबॉयला नाव काय देऊ?"