फॉरवर्ड म्हणून युरोपात जायचंय, त्याआधी एवढं वाच

तुझा प्रश्न थोडक्यात असा: तू बेळगावातल्या शहापूरचा, वय 19, लेले मैदानावर फुटबॉल खेळून तयार झालेला फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीत गोल करणारा. एका एजंटानं जर्मनी नाहीतर पोर्तुगालमध्ये 'ट्रायल लावून देतो' म्हणून साडेचार लाख मागितलेत. बाबा कर्ज काढायला तयार आहेत. जाऊ का?

मी तिथल्याच वडगावचा. बरीच वर्षं जर्मनीत डॉर्टमुंडजवळ राहतोय, नोकरी इंजिनिअरिंगची, आणि शनिवार-रविवार इथल्या एका छोट्या क्लबच्या पोरांना शिकवतो. उत्तर आधीच सांगून टाकतो: एक रुपयासुद्धा देऊ नकोस. बाबांना कर्जापासून थांबव, आजच.

ऑक्टोबर 2023 पासून खेळाडूच्या करारात मध्यस्थी करणाऱ्याकडे फिफाचं, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचं लायसन्स असावंच लागतं. फिफाच्या वेबसाइटवर नाव टाकलं की कळतं. खऱ्या एजंटाची कमाई तुझ्या करारातून होते, तुझ्या बाबांच्या खिशातून नाही. तो ज्या व्हिसावर नेणार तो शेंगेन टुरिस्ट व्हिसा: 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस, काम करायची मुभा नाही. ट्रायल झकास झाली तरी त्या व्हिसावर पगार घेऊन खेळता येत नाही. क्लबचं पत्र दाखवलं असेल तर पत्रावरचा नंबर सोड, क्लबच्या वेबसाइटवरचा नंबर शोध आणि स्वतः फोन कर.

आता जर्मनीचं गणित. युरोपियन युनियनबाहेरच्या खेळाडूला व्यावसायिक म्हणून इथे राहायचं तर क्लबनं ठरावीक पगार द्यावाच लागतो. पेन्शन विम्यासाठी पगाराची जी कमाल मर्यादा धरतात, तिच्या किमान निम्मा. 2025 मध्ये तो महिन्याला 4,025 युरो होता. वर फुटबॉल संघटनेनं तुझा दर्जा लेखी मान्य करायला हवा. एजंट ज्या सहाव्या-सातव्या पातळीच्या क्लबांची नावं घेतो, तिथली बहुतेक पोरं दिवसा नोकरी करतात आणि संध्याकाळी सरावाला येतात. पेट्रोलचे पैसे सुटले तरी खूश असतात. असा क्लब तुला व्हिसा मिळवून देऊच शकत नाही, मग तू कितीही चांगला खेळ.

इंग्लंडचं दार तर आपल्यासाठी आणखी अरुंद आहे. सुनील छेत्रीचा 2009 मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सशी करार ठरला होता, पण भारत फिफाच्या क्रमवारीत पहिल्या 70 मध्ये नाही म्हणून वर्क परमिट नाकारलं गेलं. पुढे तो 2010 मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीला आणि 2012 मध्ये लिस्बनच्या स्पोर्टिंगच्या राखीव संघात गेला. दोन्हीकडे मोजकेच सामने मिळाले, आणि 2013 ला तो बेंगळुरू एफसीत आला. त्याची खरी कारकीर्द भारतातच, आपल्या मैदानांवर झाली. नव्वदच्या वर आंतरराष्ट्रीय गोल करणाऱ्या माणसाची ही वाट आहे, हे बाबांना नीट समजावून सांग.

फॉरवर्डची गोष्ट वेगळी का, ते ऐक. आयएसएल, म्हणजे आपली इंडियन सुपर लीग, 2014 ला सुरू झाली, आणि 2024-25 पर्यंत प्रत्येक हंगामात सर्वाधिक गोल करणारा परदेशीच होता. म्हणजे आपल्या देशातले क्लबसुद्धा पैसे मोजून बाहेरून आणतात तो नेमका तुझ्या जागेचा खेळाडू. बचावपटूला किंवा गोलकीपरला संधी मिळते, फॉरवर्डला ती हिसकावून घ्यावी लागते. भारताचा गुरप्रीत सिंग संधू नॉर्वेत स्टाबेक क्लबकडून खेळला, तो गोलकीपर होता.

आणि इथे जर्मनीत फॉरवर्डचं काय बघतात? आमच्याकडे नवीन मुलगा आला की आमचा मुख्य प्रशिक्षक पहिली वीस मिनिटं त्याचे गोल बघतच नाही. बॉल गेला की हा काय करतो, तेवढंच बघतो. समोरच्या सेंटर बॅकला, म्हणजे मधल्या बचावपटूला, एका बाजूला ढकलत आणतो का, की कमरेवर हात ठेवून पुढच्या पासची वाट बघतो? आपल्याकडे उन्हाळ्यात कडक झालेल्या मैदानावर बॉल गुडघ्यापर्यंत उडतो, म्हणून आपण छातीनं, मांडीनं बॉल घ्यायला शिकतो. इथे फेब्रुवारीत ओल्या टर्फवर तो जमिनीला चिकटून सरकत येतो आणि पहिलाच टच दोन हात लांब जातो. तेवढ्यात बचावपटू पोचलेला असतो. चांगली चांगली पोरं तिथेच अडकतात. याचा सराव मात्र आत्तापासून घरी करता येतो. मैदानावर पाणी मार, बॉल जोरात सरपटत मारायला लाव, आणि पाठ गोलकडे ठेवून घे.

तू लिहिलंस, वर्षाला चाळीसेक गोल होतात. पण त्यातले किती गावच्या बक्षिसाच्या स्पर्धांतले, सेव्हन-अ-साइडचे? ते कुठल्याच नोंदीत नाहीत. परदेशी क्लबला तुझी अधिकृत नोंदणी, अधिकृत सामने आणि आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर प्रमाणपत्र लागतं. आपल्या सीमाभागात तर गोंधळ दुप्पट. नोंदणी बेंगळुरूच्या संघटनेत, खेळतोय मात्र कोल्हापूरच्या पेठेतल्या संघाकडून, मधेच गोव्यात. एका हंगामात जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदणी आणि दोनच क्लबांकडून अधिकृत सामने, असा फिफाचा नियम आहे. तेव्हा आधी एक घर पक्कं कर.

कागदपत्रंही आजच काढून बघ. जन्मदाखला कन्नडमध्ये, शाळा सोडल्याचा दाखला मराठी शाळेचा, आधार तिसऱ्याच स्पेलिंगचं, आणि आडनावातला 'एच' एकात आहे, एकात नाही. व्हिसाच्या वेळी हे भलतंच महागात पडतं. पासपोर्ट, आधार आणि फुटबॉलची नोंदणी, तिन्हीकडे एकच स्पेलिंग आणि एकच जन्मतारीख असू दे.

आजी म्हापशाची, जन्म 1961 च्या आधीचा, हे तू सहज लिहून गेलास. पण तुझ्या अख्ख्या मेलमधली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग असतो. तो पासपोर्ट मिळाला की व्हिसाचा आणि पगाराच्या अटीचा प्रश्नच उरत नाही, कुठल्याही छोट्या क्लबात खेळता येतं. पण त्याच दिवशी भारतीय नागरिकत्व जातं, आणि भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो. इझुमी अराता 2012 मध्ये जपानी नागरिकत्व सोडून भारतीय झाला, तेव्हा कुठे त्याला निळी जर्सी मिळाली. हा निर्णय एजंटाच्या ऑफिसात घ्यायचा नाही. आई-बाबांबरोबर बसून, वेळ घेऊन घे.

माझ्या मते पुढची दोन वर्षं चोर्ला घाट उतरून गोव्यात घाल, प्रो लीगमधल्या एखाद्या क्लबात. नाहीतर बेंगळुरूच्या लीगमध्ये. कर्नाटकनं 2023 मध्ये रियाधला राज्यांच्या संघांची संतोष ट्रॉफी जिंकली, 54 वर्षांनी. म्हणजे राज्याच्या संघावर आता नजर असते. पदवी मात्र सोडू नकोस. पुढे जर्मनीत शिकायला यायचं ठरलं तर खात्यात वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, म्हणजे बारा लाखांच्या घरात. पण तो सरळ रस्ता आहे. शिकता शिकता क्लबात खेळता येतं, आणि गुडघा गेला तरी हातात काहीतरी राहतं. फॉरवर्डच्या पायावर किती लाथा बसतात ते तुला माहीत आहेच.

आणि शेवटच्या ओळीत लिहिलंस की बहीण 16 वर्षांची, तीही फॉरवर्ड खेळते. तिचं मनावर घ्या. बाला देवी 2020 मध्ये ग्लासगोच्या रेंजर्सकडे गेली, मनीषा कल्याण 2022 मध्ये सायप्रसच्या अपोलोनकडून महिला चॅम्पियन्स लीग खेळली. दोघी पुढच्या फळीतल्या. भारतीय महिला संघ 2025 मध्ये थायलंडला हरवून आशिया चषकाला पात्र ठरला. तिचा रस्ता तुझ्यापेक्षा जवळचा असू शकतो. फक्त 18 पूर्ण होईपर्यंत तिला फुटबॉलसाठी परदेशात न्यायचं नाव कुणी काढलं तर सरळ नाही म्हणा, फिफाचे नियमच तसे आहेत.

दोघांचेही व्हिडिओ पाठव. पूर्ण सामन्याचे पाठव, नुसत्या गोलांचे तुकडे नकोत. रविवारी संध्याकाळी बघून तुला फोन करतो, तेव्हा बाबांनाही जवळ बसव.