मेटलर्जीत (धातुशास्त्रात) बी.टेक. झाल्यावर संशोधनात एआय वापरायचं असेल, तर लॅब सोडून कोडिंगच्या मागे लागावं का?

मेटलर्जीत बी.टेक. झालंय म्हणता, तर लॅब अजिबात सोडू नका. पायथन ही कोडिंगची भाषा तीन-चार महिन्यांत कामापुरतं येतं. ते कुठे लावायचं हे मात्र मेटलर्जीच सांगते.

सरावाला मॅटबेंचमधला (पदार्थांवरच्या मॉडेलांची चाचणी घ्यायचा खुला डेटासंच) स्टीलचा डेटासेट घ्या. ३१२ नोंदी आहेत. इनपुट फक्त रासायनिक घटक, आउटपुट यील्ड स्ट्रेंथ (ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो तो). मॅटमायनर या पायथन लायब्ररीने घटकांवरून फीचर्स, म्हणजे मॉडेलला द्यायचे आकडे, काढा (अणुत्रिज्या, विद्युतऋणता यांच्या सरासऱ्या वगैरे) आणि रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांची सरासरी घेणारं मॉडेल) लावा. एका दुपारचं काम आहे.

आता यात काय नाही ते बघा. हीट ट्रीटमेंटचा, म्हणजे धातू कसा तापवला-थंड केला याचा, रकानाच नाही! ४३४० ग्रेडचं स्टील तेलात क्वेंच करून (झटकन थंड करून) २०५ अंश सेल्सियसला टेम्पर केलं (पुन्हा तापवलं) आणि तेच ६५० ला केलं, तर यील्ड स्ट्रेंथ जवळपास निम्म्यावर येते. घटक तेच, म्हणून मॉडेलला दोन्ही तुकडे एकच दिसतात. न्यूरल नेटवर्क कितीही मोठं घ्या, रकान्यात नसलेली माहिती ते कुठून आणणार?

सगळ्यात जास्त लोक फसतात ते डेटा विभागताना. सरसकट ८० टक्के ट्रेनिंगला, २० टक्के टेस्टला केलं, की १८ टक्के निकेलवालं स्टील ट्रेनिंगमध्ये जातं आणि त्याचंच साडेअठरा टक्केवालं भावंड टेस्टमध्ये. आर-स्क्वेअर (अंदाज किती जुळला याचं माप) झकास येतो, पण खरोखर नव्या मिश्रधातूवर मॉडेल तोंडावर आपटतं. म्हणून मिश्रधातूंचे गट पाडा आणि ग्रुप-के-फोल्ड (गट न फोडता डेटा विभागायची पद्धत) वापरून अख्खा गटच टेस्टला ठेवा. शेजारी साधं लिनिअर रिग्रेशनही चालवा. त्याच्याहून फारसं बरं येत नसेल तर डीप लर्निंगचा हट्ट सोडा.

मटेरियल्स प्रोजेक्ट या ऑनलाइन संग्रहाचा डेटा फुकट मिळतो, पण तो मुख्यतः डीएफटीने (क्वांटम गणिताची पद्धत) काढलेला, शून्य केल्विनचा. डीएफटीतल्या पीबीई पद्धतीत सिलिकॉनचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा) ०.६ ईव्हीच्या (इलेक्ट्रॉन-व्होल्ट) आसपास येतो, प्रत्यक्षात तो १.१ आहे. मोजलेले आणि गणिताने काढलेले आकडे एकाच रकान्यात कालवू नका.

गूगल डीपमाइंडने २०२३ मध्ये २२ लाख नव्या स्फटिकरचना जाहीर केल्या, त्यातल्या ३ लाख ८० हजार स्थिर म्हणून. ही स्थिरता गणितातली. भट्टीत पदार्थ बनवून एक्सआरडीवर (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणं) खात्री करणारी माणसं त्या मानाने फार थोडी आहेत, आणि माझ्या मते तुमच्यासारख्यांना खरी जागा तिथेच आहे. एक्सआरडीच्या आलेखावरून रचना नेमकी काढायची पद्धत, रिटवेल्ड रिफाइनमेंट, नीट शिका.

पीएचडीला गाइड निवडताना फसलेले प्रयोग कुठे नोंदवता, हे जरूर विचारा. अमेरिकेतल्या हॅवरफर्ड कॉलेजच्या गटाने २०१६ मध्ये लॅबच्या वहीतल्या यशस्वी प्रयोगांसोबत अशा फसलेल्या प्रयोगांवरही मॉडेल शिकवलं. नव्या पदार्थांसाठी योग्य परिस्थिती सांगण्यात ते ८९ टक्के वेळा बरोबर आलं, अनुभवी रसायनतज्ज्ञांचा अंदाज ७८ टक्के. तापमान, होल्ड टाइम (त्या तापमानाला किती वेळ ठेवलं), थंड करण्याचा वेग, निकाल: एवढे चार रकाने आजपासून स्वतःच्या एक्सेलमध्ये भरायला लागा, नापास नमुन्यांचेसुद्धा.