युद्धाची गोष्ट वाचून पोरगी रडते, पुस्तक काढून घेऊ का?

प्रश्न: पोरगी सहावीत आहे. लायब्ररीतून दुसऱ्या महायुद्धावरची कादंबरी आणली तिने, लंडनमधल्या दोन भावंडांना बॉम्बच्या भीतीने खेड्यात पाठवतात अशी गोष्ट आहे. रोज रात्री वाचते अन् रडते. सासूबाई म्हणतात, काहून रडवतेस लेकराला, पंचतंत्र दे. काढून घेऊ का?
– एक आई, प्रतापनगर, नागपूर

उत्तर: नका काढून घेऊ ताई, अर्ध्यात घेतलं तर पुढचं ती मनानेच रचेल अन् ते जास्त भयंकर असेल. (पंचतंत्रात तरी काय, अर्धे प्राणी एकमेकांना खातातच की!) आधी विचारा, नेमकं कुठे रडू येतं. मला नाही वाटत बॉम्बवर येत असेल. १ सप्टेंबर १९३९ पासून दोन-तीन दिवसांत ब्रिटनच्या शहरांतून जवळपास १५ लाख लोक गावांकडे हलवले, त्यात बहुतेक पोरंच, गळ्यात गॅस मास्कचा पुठ्ठ्याचा डबा, कोटाला नावाची चिठ्ठी, अन् बऱ्याच ठिकाणी गावच्या हॉलमध्ये उभं करून लोक निवडायचे, ही चालेल, तो नको, कधी बहीण एका घरी अन् भाऊ दुसऱ्या. आपल्याला कोणीच घेतलं नाही तर? ही भीती सहावीतल्या पोरीला चांगली कळते, शाळेत टीम पाडताना तेच तर होतं.

गोष्टीतली आई सारखी का खेकसते, असंही विचारेल ती. तेव्हा सांगा, बाप लढाईवर, जानेवारी १९४० पासून लोणी-साखर रेशनवर, घर एकटीच्या अंगावर. आई वाईट नाही, थकलेली आहे. असल्या पुस्तकात शेवटी बाप धडधाकट परत येतो अन् सगळं गोड होतं, ते मला खोटं वाटतं, पण तो माझा राग, तिला सांगू नका.

अन् हे सगळं तिकडचंच आहे असं नाही. सोव्हिएत सरकारने सायबेरियाकडे हाकललेली पोलिश कुटुंबं इराणमार्गे आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला आली, १९४३ पासून चार-पाच वर्षं राहिली, त्यात पोरंही पुष्कळ. नंतर त्याच जागी फाळणीत आलेले सिंधी लोक बसले, आता त्याला गांधीनगर म्हणतात. आपलं नागपुरातलं जरीपटकाही तसंच वसलं ना! तिथे ओळखीचे कोणी आजोबा असतील तर घेऊन जा तिला, येताना घरून काय उचललं होतं ते विचारू द्या, पोरं असले प्रश्न आपल्यापेक्षा बरे विचारतात.

फक्त झोपायच्या आधी वाचायला नको, संध्याकाळी शाळेतून आल्यावर वाचू द्या.