अल्फा कमी आला, आता कोणती विधानं काढू?

प्रश्न : एम.एड.च्या प्रबंधासाठी शिक्षकांच्या कार्यसमाधानावर १० विधानांची, पाच पर्यायांची प्रश्नावली केली. ६० शिक्षकांवर पथदर्शी चाचणी घेतली, तर क्रॉनबाख अल्फा (विधानांची उत्तरं एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे सांगणारा आकडा) ०.३७ आला. किमान ०.७० हवा असं मार्गदर्शक सांगतात. सोबत तक्ता पाठवला आहे. कोणती विधानं काढू?

उत्तर : इतक्यात एकही काढू नका. तक्त्यात ३, ६ आणि ९ ही विधानं उलट्या अर्थाची आहेत. ‘शाळेत जाताना मन जड होतं’ या विधानाला ‘पूर्ण सहमत’ म्हणणाऱ्या असमाधानी शिक्षकालाही तुम्ही ५ गुण दिलेत. अशा विधानांचे गुण ६ मधून वजा करा : ५ चा १, ४ चा २.

सूत्रात काय घडतं ते पाहा. तुमच्या दहा विधानांच्या प्रचरणांची (प्रचरण म्हणजे गुण किती विखुरले आहेत याचं माप) बेरीज १२ आहे, एकूण गुणांचं प्रचरण १८. अल्फा = १०/९ × (१ − १२/१८) = ०.३७. गुण उलटवले तरी एकेका विधानाचं प्रचरण बदलत नाही, बेरीज १२ च राहते. पण उत्तरं आता एका दिशेनं जातात, म्हणून एकूण प्रचरण ४८ होतं आणि अल्फा ०.८३. दोष विधानांचा नव्हताच.

एवढं झाल्यावर प्रत्येक विधानाचा उरलेल्या नऊ विधानांच्या बेरजेशी सहसंबंध (दोन्ही किती एकत्र वाढतात-घटतात याचं −१ ते +१ मधलं माप) काढा. तो ऋण आला तर गुणांकन पुन्हा तपासा. ०.३० च्या खाली असेल तर आधी भाषा पाहा. ‘पगार आणि मुख्याध्यापक यांबाबत मी समाधानी आहे’ यात दोन प्रश्न कोंबले आहेत. पगारावर खूश पण मुख्याध्यापकांवर नाराज शिक्षकानं खूण कुठे करायची? असं विधान फोडून दोन करा. वय, सेवेची वर्षं हे रकाने मात्र अल्फात कधीही धरू नका.

प्रश्न : माझ्या ४० विधानांच्या प्रश्नावलीचा अल्फा ०.९१ आहे. विश्वसनीयता सिद्ध झाली ना?

उत्तर : एवढ्यावर नाही. विधानं वाढली की अल्फा आपोआप चढतो. विधानांमधला सरासरी सहसंबंध जेमतेम ०.२० असला, तरी १० विधानांना अल्फा ०.७१ आणि ४० विधानांना ०.९१ येतो. वेतन, सहकारी, कामाचा ताण असे घटक असतील तर प्रत्येकाचा अल्फा वेगळा काढून तोच प्रबंधात द्या. शिवाय उत्तरं काळानुसार टिकतात का, हे अल्फा सांगत नाही. त्यासाठी दोन-तीन आठवड्यांनी त्याच शिक्षकांकडून प्रश्नावली पुन्हा भरून घ्या. पहिल्या खेपेलाच प्रत्येकाला सांकेतिक क्रमांक द्या, नाहीतर दोन्ही वेळच्या उत्तरांच्या जोड्या लावता येणार नाहीत.