वाचकांचे प्रश्न : मंदी तिकडची, झळ इकडे कशी?

प्रश्न : २००८ साली आपल्या बँका सुरक्षित आहेत, असे सगळेच सांगत होते. तरीही त्या वर्षाच्या अखेरीस आमच्याकडे लोहखनिजाच्या ट्रकांच्या फेऱ्या एकाएकी कमी झाल्या. असे का झाले?
– एक वाचक, सावर्डे

उत्तर : ज्यांच्यामुळे ते संकट उद्भवले, ते अमेरिकी घरकर्जांवर बेतलेले रोखे भारतीय बँकांजवळ फारच थोडे होते, हे खरेच आहे. परंतु १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केल्यावर जगभरच्या बँकांनी परस्परांना उसने देताना हात आखडता घेतला आणि त्याचा फटका आयात-निर्यातीच्या नित्याच्या पतपुरवठ्याला बसला. गोव्याच्या मुरगाव बंदरातून माल निघतो तो बहुधा खरेदीदाराच्या बँकेने दिलेल्या लेटर ऑफ क्रेडिटच्या, म्हणजे पैसे चुकते करण्याच्या लेखी हमीच्या, भरवशावर. ती हमीच मिळेनाशी झाली, की खाण कितीही नीट चालत असली तरी माल जेटीवर पडून राहतो आणि बार्जवाल्यापासून ट्रकमालकापर्यंत सर्वांचे चक्र थांबते. सुट्या मालाच्या जहाजभाड्याचा बाल्टिक ड्राय निर्देशांक मे २००८ मध्ये ११,७९३ वर होता, तो डिसेंबरात ६६३ पर्यंत कोसळला.

त्यातही गोव्याचे खनिज बहुतांशी कमी प्रतीचे. चीनचे पोलाद कारखाने ते उंची खनिजात मिसळून वापरीत, आणि मागणी घटताच आधी हाच माल नाकारला जाई. पुढे नोव्हेंबर २००८ मध्ये चीन सरकारने ४ लाख कोटी युआनचा खर्च जाहीर केला आणि मागणी पुन्हा वाढली. म्हणजे आपण खाली गेलो ते परक्याच्या निर्णयाने, आणि वर आलो तेही परक्याच्याच निर्णयाने. एकाच गिऱ्हाइकावर विसंबण्याचा खरा धोका मला येथे दिसतो. (२०१२ च्या खाणबंदीशी याची गल्लत करू नये. तिचे मूळ बेकायदा खाणकामात होते, मंदीत नव्हे.)

प्रश्न : साम्यवाद सोडून बाजारव्यवस्थेकडे वळलेल्या पूर्व युरोपीय देशांना भारतापेक्षा जबर तडाखा का बसला?
– एक विद्यार्थिनी, पणजी

उत्तर : मुख्यतः परकीय चलनातील कर्जामुळे. या देशांतील बऱ्याच बँका १९९० नंतर ऑस्ट्रिया, इटली, स्वीडन येथील बँकांच्या मालकीच्या झाल्या. हंगेरीत सामान्य कुटुंबांनी व्याज कमी म्हणून स्विस फ्रँकमध्ये घरकर्जे काढली. पगार मात्र फोरिंट या हंगेरीच्या चलनात. फोरिंट घसरला तेव्हा पगार तोच राहिला आणि हप्ता फुगला. लाटव्हियाने आपल्या चलनाचा भाव युरोशी बांधून ठेवण्याचा हट्ट धरला आणि त्यापायी सरकारी पगारांत मोठी कपात केली. २००९ मध्ये तेथील राष्ट्रीय उत्पन्न १४ टक्क्यांहून अधिक घटले. पोलंडने मात्र आपले चलन झ्लॉटी घसरू दिले, देशांतर्गत बाजारही मोठा होता, आणि त्या वर्षी युरोपीय संघात वाढ नोंदवणारा तो एकमेव देश ठरला.

भारतातही परदेशी गुंतवणूकदारांनी पैसा काढून घेतला आणि २००८ च्या आरंभी ३९ रुपयांना मिळणारा डॉलर वर्ष सरण्यापूर्वीच ५० च्या पलीकडे गेला. तरीही मडगावच्या कर्जदाराचा हप्ता त्यामुळे वाढला नाही, कारण त्याचे कर्ज रुपयांतच होते. शिवाय रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ या काळात रेपो दर (ती बँकांना ज्या व्याजाने उसने देते तो दर) ९ टक्क्यांवरून ४.७५ टक्क्यांवर आणला.

प्रश्न : २०१४ च्या हंगामात रशियन पर्यटक एकदम का रोडावले? आम्ही भाडी वाढवली नव्हती.
– गेस्ट हाऊसमालक, मोरजी

उत्तर : आपण रुपयांत वाढवली नव्हती, रुबलमध्ये ती आपोआप वाढली. खनिज तेलाचे भाव पडले, त्यात पाश्चात्त्य निर्बंधांची भर पडली आणि वर्षारंभी सुमारे ३३ रुबलना मिळणारा डॉलर वर्षअखेरीस ५५ च्या वर गेला. हजार रुपयांची खोली रशियन पाहुण्याला आधी साधारण ५३० रुबलना पडत असे, ती ९०० च्या घरात गेली. आपण भाडे उतरवले असते तरी चार्टर विमानाचा डॉलरमधील खर्च तेवढाच राहिला असता.