‘आई दवाखान्यात आहे’ असे किती दिवस सांगायचे?

प्रश्न : माझे वय ६१ आहे. माझी मुलगी गेल्या मार्गशीर्षात काविळीने वारली. तिचा सात वर्षांचा मुलगा तेव्हापासून आमच्याकडे असून तो दुसरीत शिकतो. जावई पुण्याजवळच्या कारखान्यात कामाला आहेत, महिन्यातून एकदा येतात. मुलाला धक्का बसू नये म्हणून आम्ही त्याला ‘आई मोठ्या दवाखान्यात आहे, बरी झाली की येईल’ असे सांगितले. संध्याकाळी मिरजेची एस.टी. आली की तो फाट्यावर जातो आणि शेवटचा प्रवासी उतरेपर्यंत उभा राहतो. गेले दोन महिने तो रात्री अंथरूण ओले करतो. तिसऱ्या वर्षानंतर असे कधी झाले नव्हते. पहाटे उठून ओली गोधडी पलंगाखाली लपवतो. आजोबा रागावतात, शेजारच्या बाई उतारा टाकायला सांगतात. आम्ही काय करावे?
— एक आजी, सांगली जिल्हा

उत्तर : आजी, ज्या मुलाने गोधडी लपवली त्याला आपल्या हातून काय झाले हे पुरते कळते आणि त्याची लाजही वाटते, म्हणून रागावण्याने त्यात भरच पडेल. हा हट्ट किंवा आळस नव्हे. झोपेत मूत्राशयावर त्याचा ताबा नसतो. उताऱ्याविषयी शेजारणीशी वाद घालत बसू नका, मात्र मुलाच्या देखत तो विषय निघू देऊ नका. ‘आपल्याला काहीतरी लागले आहे’ ही आणखी एक भीती त्याला कशाला?

अनेक वर्षे कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, तर दुःख हे कारण समोर दिसत असले तरी आधी डॉक्टरांना दाखवावे. लघवीची साधी तपासणी केली की जंतुसंसर्ग आणि मधुमेह यांविषयी उलगडा होतो. त्याला खूप तहान लागत असेल, तो वारंवार लघवीला जात असेल किंवा वाळला असेल, तर हे काम उद्यावर टाकू नका. शौचाला कडक होते का, हेही विचारा, कारण साचलेल्या मळाचा दाब मूत्राशयावर पडतो. दिवसा त्याचे पाणी तोडू नका. झोपण्यापूर्वीचे एक-दोन तास तेवढे कमी द्या. गादीवर मेणकापड घाला. शौचालय परसात असेल तर तिथपर्यंत दिवा लावून ठेवा. अंधाराला भिऊन मुले लघवी दाबून पडून राहतात, हे मोठ्यांच्या लक्षातच येत नाही.

आता खरा प्रश्न. तुम्ही जे सांगितले ते मायेपोटी सांगितले, तरीही ते आता थांबवावे असे माझे स्पष्ट मत आहे. घरात कुजबुज होते, फोटोला हार दिसतो, शाळेत कुणीतरी बोलून जाते. सातव्या वर्षी मुलाला पुष्कळ काही जुळवता येते, आणि जे जुळत नाही तिथे ‘मी त्रास दिला म्हणून आई येत नाही’ असे उत्तर ते स्वतःच शोधते. जावई येतील तेव्हा त्यांनी, तुम्ही जवळ बसलेल्या असताना, सांगावे. रात्री झोपताना नको आणि ते परत निघायच्या दिवशी तर नकोच. शब्द सरळ असावेत : ‘आई वारली. तिचं शरीर खूप आजारी होतं, डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण ते बंद पडलं. ती आता परत येणार नाही. यात तुझी काही चूक नाही. आम्ही तुला आधी खरं सांगितलं नाही, कारण आम्हालाच बोलवत नव्हतं.’ ‘झोपली’ म्हटले तर त्याला झोपेची भीती बसू शकते, आणि ‘देवाने नेली’ म्हटले तर उद्या तो आजीलाही नेईल. देवाघरचे बोलणे तुमच्या घरात चालत असेल तर ते सरळ शब्दांनंतर येऊ द्या. साध्या सर्दीतापाने माणूस वारत नाही, हेही सांगा.

तो रडेल किंवा ऐकून घेऊन लगेच खेळायला पळेल. दोन्ही स्वाभाविक आहे. तोच प्रश्न तो दहादा विचारेल तेव्हा तेच उत्तर द्या. तुम्हाला रडू आले तर पदराआड लपवू नका. तुमची लेक गेली आहे. वर्षश्राद्धाला बसायचे की नाही, हे त्याला विचारा. वडिलांच्या फोनची वेळ ठरलेली असू द्या. काही आठवडे तो खाईनासा झाला, शाळा टाळू लागला किंवा ‘मलाही आईकडे जायचंय’ असे म्हणाला, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही विनामूल्य बोलता येते.

खर्चाचे तुम्ही लिहिले नाही, तरी सांगते. आई किंवा वडील गमावलेल्या मुलांसाठी राज्य शासनाची बालसंगोपन योजना आहे. ती आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखली जाते आणि तिच्यातून दरमहा २,२५० रुपये मिळतात. मृत्यूचा दाखला, मुलाचे आधार कार्ड आणि शाळेचे बोनाफाईड घेऊन जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा. मंजुरी बाल कल्याण समितीकडून मिळते.

सत्य कळल्यावरही काही दिवस तो फाट्यावर जाईल. अडवू नका. आजोबांना त्याच्याबरोबर जायला सांगा. गाडी निघून गेली की दोघांनी मिळून घरी यावे.